रक्तगटाच्या रकान्यात काय लिहायचं?

गेल्या शनिवारी आईचा फोन आला. विषय नेहमीचाच. "अरे, त्या बायोडाट्यात रक्तगट बदलून दे. जुनाच फिरायलाय सगळीकडं."

ज्यांची लग्नं ठरायची आहेत (आणि ज्यांची ठरून मोडली आहेत) त्यांना माहीत असेल, आपल्याकडे बायोडाट्यात जन्मवेळ, रास, नाडी, उंची, पगार या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी रक्तगट असतो. कशासाठी असतो ते विचारू नका. माझ्या बायोडाट्यात तीन वर्षं 'ओ पॉझिटिव्ह' होतं. आता तिथे 'बॉम्बे' लिहायचं. आईची शंका अशी, की मुलीकडच्यांना वाटेल मुलगा मुंबईचा आहे, मग पुण्यातला फ्लॅट कुणाचा?

हसू नका. त्या एका रकान्यामागे मोठं रामायण आहे.

तर झालं असं. माझ्या ताईला अंबाजोगाईजवळच्या एका गावात दिलंय. दाजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. तीन वर्षांपूर्वी भाऊबीजेला मी ताईकडे गेलो होतो. भाच्याच्या अंगणवाडीत आरोग्य तपासणी झाली होती आणि त्याचं कार्ड फ्रीजवर लावलेलं होतं. रक्तगट : बी पॉझिटिव्ह. दाजींचा धाकटा भाऊ बी. फार्मसीला. त्याने करंजी खाता खाता ते वाचलं आणि सहज म्हणाला, "दादा ओ, वहिनी ओ, मग हा बी कुठून आला?"

बारावीच्या बायोलॉजीत तो तक्ता असतो. ओ आणि ओ यांचं अपत्य फक्त ओ. दुसरा पर्यायच नाही. बोलताना त्याच्या मनात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. पण बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, मग माझ्या, मग दाजींच्या. ताईच्या सासूबाईंना काही कळलं नव्हतं, म्हणून त्यांनी विचारलं, "म्हंजी काय रे?" आणि कुणीच उत्तर दिलं नाही. जे कळायचं ते त्यांना त्या न दिलेल्या उत्तरातून कळलं.

मी म्हणालो, "कार्डात चूक असेल." घरातला इंजिनिअर म्हणून माझ्या शब्दाला तेवढं वजन होतं. पण पुढच्या महिन्यात लातूरच्या एका लॅबमध्ये पुन्हा तपासलं. लेकरू बी, दाजी ओ, ताई ओ. तिथून पुढे त्या घरात त्या विषयावर कुणी एक शब्द काढला नाही. भांडण नाही, आदळआपट नाही. फक्त सासूबाई शेजारणीशी बोलताना 'आमचा नातू' म्हणायच्या, ते 'हिचं लेकरू' झालं. एवढंच.

आणि मी? मी पुण्याला परत येताना ट्रॅव्हल्सच्या वरच्या बर्थवर झोपून मोबाईलवर शोधत होतो. पंधरा साइट, पंधरा तक्ते. ओ गुणिले ओ बरोबर ओ. मांजरसुंब्याच्या आसपास नेटवर्क गेलं आणि मी फोन उशाखाली ठेवला. खोटं बोलत नाही, त्या रात्री मलाही क्षणभर वाटलं. जे वाटलं ते इथे लिहायची माझी हिंमत नाही.

असो.

गेल्या पावसाळ्यात ताईला दुसऱ्यांदा दिवस होते. चौतिसाव्या आठवड्यात रक्त जायला लागलं म्हणून दाजींनी तिला अंबाजोगाईला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं कॉलेज ते, आम्ही सगळे त्याला नुसतं 'मेडिकल' म्हणतो. सोनोग्राफीत निघालं की वार खाली आहे, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडावर. नॉर्मल बाळंतपणाचा प्रश्नच नाही, सिझर करायचं आणि त्यात रक्त खूप जाऊ शकतं. हिमोग्लोबिन ७. डॉक्टर म्हणाले, झोपवून ठेवू, जमलं तर सदतिसाव्या आठवड्यापर्यंत ओढू, पण रक्ताच्या पिशव्या हाताशी हव्यात.

(त्या वॉर्डात ७ हा आकडा ऐकून कुणी दचकत नाही, हे मी नंतर पाहिलं. शेजारच्या खाटेवर उसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातली एक बाई होती, तिचं ५ होतं. बीड जिल्ह्यातल्या उसतोड कामगार बायकांपैकी तेरा हजारांहून जास्त जणींच्या पिशव्या काढल्याचं २०१९ साली सरकारी समितीच्या पाहणीत पुढे आलं होतं, ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. बीडमध्ये बाईच्या अंगातलं रक्त हा विषय ब्लॉगच्या एका कंसात मावणारा नाही.)

ओ पॉझिटिव्ह म्हणजे सगळ्यात सोपा गट. कुठेही मिळतो. म्हणून मी निवांत होतो. तिसऱ्या दिवशी रात्री दाजींचा फोन.

"रक्त जुळंना."

"कोणतं?"

"कोणतंच. ओच्या चार पिशव्या लावून पाहिल्या, चारीत गुठळ्या. रक्तपेढीच्या मॅडमला तुमच्याशी बोलायचंय."

मॅडमचा पहिला प्रश्न : "तुमचे आईवडील नात्यातले आहेत का?"

मला आधी रागच आला. रात्री साडेनऊला हा काय प्रश्न? मग उत्तर दिलं. हो. आई ही अण्णांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडे ही इतकी साधी गोष्ट, की तिला 'नात्यातलं लग्न' वगैरे म्हणतात हे मला पुण्याला आल्यावर कळलं. मामाची मुलगी घरातच राहिली, वर्‍हाडाचा खर्च वाचला, झालं.

मॅडम म्हणाल्या, "मग तुम्ही उद्याच्या उद्या पुण्यात तुमचं रक्त तपासून घ्या. नुसता गट नाही, अँटी-एच लावायला सांगा. भावंडांत चारात एक शक्यता असते."

कसली शक्यता? तर बॉम्बे रक्तगटाची.

आता थोडं तांत्रिक. कंटाळा आला तर पुढचे दोन परिच्छेद सोडा, पण सोडू नका.

१९०१ साली कार्ल लँडस्टायनर यांनी रक्ताचे तीन गट पाडले : ए, बी आणि सी. सीचं पुढे ओ झालं. एबी दुसऱ्यांना १९०२ साली सापडला. तपासणी अगदी सोपी. काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब, त्यात अँटी-ए. गुठळी झाली तर ए. दुसऱ्या थेंबात अँटी-बी. गुठळी झाली तर बी. दोन्हीत झाली तर एबी. आणि कशातच नाही झाली तर ओ. प्रोग्रॅमिंगवाल्यांनी नीट बघा. इफ ए, इफ बी, एल्स ओ. म्हणजे ओ हा गट आपण ओळखत नाही, बाकी काही सापडलं नाही म्हणून त्याला ओ म्हणतो. ज्याने कधी डिफॉल्ट केसमध्ये बग पकडलाय त्याच्या पोटात इथेच गोळा यायला हवा.

लाल पेशीवर साखरेच्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाला फ्यूकोज नावाची एक साखर जोडली की तयार होतो एच. ही समजा भिंतीतली खुंटी. ए गटाच्या माणसाकडे एक एन्झाइम असतं, ते त्या खुंटीवर एक साखर अडकवतं. बीवाल्याचं दुसरी अडकवतं. ओवाल्याची खुंटी रिकामीच. आता एखाद्याच्या भिंतीत खुंटीच नसेल तर? त्याच्याकडे बीचं एन्झाइम धडधाकट असलं तरी ते सदरा अडकवणार कुठे? पट्टीवर काहीच दिसत नाही. एल्स ओ. पण त्याच्या शरीराने एच कधी पाहिलेलाच नाही, त्यामुळे त्याच्या रक्तद्रवात ए, बी आणि एच तिन्हींच्या विरुद्धची प्रतिद्रव्यं असतात. अशा माणसाला ओची पिशवी लावली तर त्या पेशी अंगातच फुटायला लागतात. जीव जाऊ शकतो. त्याला चालतं फक्त त्याच्यासारख्याचं, बिनखुंटीचं रक्त.

हे पहिल्यांदा कुणाला कळलं? परळला. केईएम आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमध्ये, डॉ. वाय. एम. भेंडे यांना. (तुमचा कुणी जुना डॉक्टर काका असेल तर त्याला भेंड्यांच्या पॅथॉलॉजीच्या पुस्तकाबद्दल विचारा.) मे १९५२च्या 'लॅन्सेट'मध्ये जेमतेम दोन पानांचा निबंध आहे. शीर्षकात 'नवा' हा शब्द अवतरणचिन्हांत, जणू लिहिणाऱ्यांनाही पुरती खात्री नव्हती. सात लेखक. मुंबईचे तिघे : भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटचे चौघे : रुथ सँगर आणि रॉबर्ट रेस हे रक्तगटांतले त्या काळचे सगळ्यात मोठे जाणकार, आणि मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्स हे रसायनवाले, ज्यांनी ती साखरेची साखळी उलगडली.

गोष्ट अशी सांगतात, की रेल्वेच्या अपघातातला एक आणि भोसकला गेलेला एक, अशा दोघांना रक्त जुळेना. दिसायला दोघे ओ. दीडशेच्या वर लोकांचं रक्त तपासून झालं आणि मग कुठे तिसरा एक माणूस सापडला, ज्याचं जुळलं.

मला या गोष्टीत सगळ्यात थोर काय वाटतं सांगू? शोध नव्हे, तो चिवटपणा. दहा-बारा पिशव्या जुळल्या नाहीत की कुणीही म्हणेल, रीएजंट खराब असेल, पुन्हा कर, नाहीतर सोड. प्रॉडक्शनमध्ये एखादी एरर आली की आपण काय करतो? रीस्टार्ट. चाललं? चाललं. घरी जा. गिरणगावातल्या महापालिकेच्या दवाखान्यात, ना कॉम्प्युटर ना डीएनए, नुसत्या काचेच्या नळ्या आणि मायक्रोस्कोप घेऊन कुणीतरी म्हणालं, की नाही, हे पुन्हा पुन्हा होतंय म्हणजे याला काहीतरी अर्थ आहे. गटाला नाव मिळालं ते शहराचं, शोधणाऱ्याचं नाही. १९९५मध्ये शहराचं मुंबई झालं, रक्तगट मात्र बॉम्बेच राहिला. त्यासाठी अजून कुणी मोर्चा काढलेला नाही. :)

त्या सात नावांतलं मला जास्त जवळचं वाटतं ते तिसरं, भाटियांचं. शोध लागला, पेपर छापला, विषय संपला, असं त्यांनी केलं नाही. १९५७ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्याच आवारात ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटर काढलं. म्हणजे देशभरात कुठेही रक्त जुळेनासं झालं की नमुना तिथे पाठवायचा. भाटिया पुढे त्याचे संचालक झाले. तेच सेंटर आज नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी म्हणून ओळखलं जातं, केईएमच्या आवारातच. १९७३ साली तिथल्या बडाकेरे, जोशी, भाटिया यांच्या गटाने आणखी एक नवा अँटिजेन शोधला. भारतीय लोकांत तीन-चार टक्क्यांना असणारा. त्या रक्तगट प्रणालीचं नावच 'इंडियन' आहे. १९७४ साली भाटिया आणि सठे यांनी मोजून सांगितलं, की मुंबईत साधारण ७६०० माणसांमागे एक बॉम्बे गटाचा. युरोपात हेच प्रमाण दहा लाखांत एक वगैरे. आणि या लोकांचे आईवडील नात्यातले असण्याचं प्रमाण जास्त दिसतं, हेही त्याच मंडळींनी नोंदवलं. थोडक्यात, मॅडमने मला रात्री साडेनऊला विचारलेला प्रश्न भाटियांच्या वह्यांतून आला होता.

अशा करिअरला आपल्याकडे ग्लॅमर नाही. ऑपरेशन करणाऱ्या सर्जनचे पाय धरतात, पिशवी जुळवून देणारा तळमजल्यावर असतो. ऑनसाइट नाही, प्रॉडक्ट लाँच नाही. सकाळी यायचं, कुठून तरी बर्फात घालून आलेली नळी उघडायची आणि ती का जुळत नाही हे शोधायचं. असं वर्षानुवर्षं. मी सहा वर्षांत तीन कंपन्या बदलल्या, त्यामुळे मला हे जरा टोचतंच.

एक गंमत राहिली. ओ आणि बॉम्बे यांतला फरक दाखवणारं अँटी-एच हे युलेक्स नावाच्या काटेरी युरोपियन झुडपाच्या बियांतून काढतात (उटीकडे हे झुडूप रानभर माजलंय). तसंच ए गटातला पोटभेद ओळखायला जे वापरतात ते निघतं आपल्या हुलग्यातून! होय, कुळीथ. हा गुण १९५१ साली भारतातच, सैन्यातले डॉक्टर बर्ड यांनी शोधला आणि 'करंट सायन्स'मध्ये छापला. हुलग्याचं माडगं पिऊन वाढलेल्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल कल्पना करा. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "शिजवल्यावर काही राहत नाही त्यात."

दुसऱ्या दिवशी मी पुण्यात एका मोठ्या रक्तपेढीत गेलो. खिशात सहा रक्तदानांची कार्डं, सगळ्यांवर ओ पॉझिटिव्ह. टेक्निशियनने माझ्या रक्तात अँटी-एच टाकलं, नळी हलवली, उजेडात धरली, पुन्हा हलवली. आणि मग आतून दुसऱ्याला बोलावलं. जावा शिकत होतो तेव्हापासून मला एक कळतं. समोरचा दुसऱ्याला बोलावतो तेव्हा बग खरा असतो.

तर मीही. चारातला एक मी निघालो. धाकटा भाऊ नाही, तो साधा बी आहे, अण्णांसारखा.

पहिला प्रश्न माझ्या मनात आला तो त्या सहा पिशव्यांचा. त्या कुठे गेल्या? पेशींच्या बाजूने आणि दात्याच्या रक्तद्रवाच्या बाजूने, असा दुहेरी तपास करायचा असतो, आणि दुसऱ्या तपासात ओच्या पेशी वापरल्या की माझ्यासारखा माणूस लगेच पकडला जातो. सहा वेळा मी निसटलो कसा? की पकडलो गेलो होतो, पिशवी फेकून दिली आणि मला कळवायचं राहिलं? तिथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "लाल पेशी ओवाल्याला गेल्या असतील तर काही होत नाही." मी विचारलं, "आणि प्लाझ्मा?" ते जरा थांबले आणि म्हणाले, "तुम्ही आत्ता बहिणीचं बघा."

बहिणीचं बघितलं. पण तो थांबलेला क्षण अजून माझ्याकडे आहे.

मला वाटलं होतं, सख्खा भाऊ, जुळणारं रक्त, आता काय, हात पुढे केला की झालं. सिनेमात एका खाटेवर भाऊ, दुसऱ्यावर बहीण, मध्ये नळी! प्रत्यक्षात उलटं. जवळच्या नातेवाईकाचं रक्त जास्त जपून द्यावं लागतं. त्यातल्या पांढऱ्या पेशी इतक्या सारख्या असतात की रुग्णाचं शरीर त्यांना परकं समजून मारत नाही, आणि मग त्याच उलटून रुग्णावर हल्ला करू शकतात. क्वचित होतं, पण झालं तर माणूस वाचणं कठीण. म्हणून पिशवी आधी किरणांखाली ठेवून त्या पेशी निकामी करतात. ही सोय सगळीकडे नसते, पुण्यात होती.

दुसरी पिशवी? देशात या गटाच्या लोकांच्या याद्या आहेत, त्या सांभाळणारी माणसं आहेत, व्हॉट्सअ‍ॅपवर गट आहेत. मे २०२४मध्ये शिर्डीचा एक फुलांचा व्यापारी स्वतः गाडीने चारशेहून जास्त किलोमीटर इंदूरला जाऊन एका बाईला हे रक्त देऊन आला, ती बातमी तुम्ही वाचली असेल. आमच्यासाठी सांगलीकडचे एक द्राक्षबागायतदार एसटीने पुण्याला आले. वय पंचेचाळिशीचं. त्यांची ही अकरावी वेळ. मी तिकिटाचे पैसे काढले तर म्हणाले, "ठेवा. उद्या मला लागलं तर तुम्हालाच बोलावणार आहे." मग रस पिऊन, तोंड पुसत म्हणाले, "फवारणी ठेवून आलोय, निघतो." मी हिशेब केला. दहा हजारांत एक धरला तरी बीड जिल्ह्याच्या २०११च्या जनगणनेतल्या २५ लाख ८५ हजार लोकांत अडीचशेच्या वर असे असणार. बहुतेकांच्या खिशात ओचं कार्ड.

सदतिसाव्या आठवड्याच्या आधल्या रात्री मित्राच्या गाडीतून निघालो. मांडीवर थर्माकोलचा खोका, आत बर्फाच्या थैल्या, दोन पिशव्या आणि थर्मामीटर. २ ते ६ अंशांच्या मध्ये ठेवायचं. नगर, कडा, आष्टी, जामखेड, पाटोदा. प्रत्येक खड्ड्याला मी खोका उचलून धरत होतो. (मित्र म्हणाला, "अंडी आहेत का?") मांजरसुंब्याला चहाला थांबलो तेव्हाही खोका टेबलावर घेऊन बसलो. नेकनूर, केज, आणि अंबाजोगाईत शिरलो तेव्हा योगेश्वरीच्या देवळाकडून काकड्याचा आवाज येत होता. मॅडम सहाला आल्या. तिथे पुन्हा क्रॉसमॅच. मी दाराबाहेर उभा. वीस-पंचवीस मिनिटांनी त्या बाहेर आल्या, "जुळलं."

दोन्ही पिशव्या लागल्या. एक टेबलावर, एक नंतर. मुलगी झाली, अडीच किलोची.

दोन दिवसांनी मॅडमने दाजींना आणि त्यांच्या भावाला बोलावलं. मी आदल्या दिवशी त्यांच्या कानावर भाच्याचं घातलं होतं, पण त्यांनी ते मी सांगितल्याचं दाखवलं नाही. केसपेपरच्या मागच्या बाजूला त्यांनी भिंत काढली, खुंटी काढली, सदरा काढला. (खुंटी त्यांचीच, मी वर ढापली.) ताईच्या अंगात अण्णांकडून आलेला बी आहे, पण खुंटी नाही, म्हणून दिसत नाही. लेकराला खुंटी बापाकडून मिळाली, बी आईकडून. म्हणून लेकरू बी. अगदी असंच घर अमेरिकेत १९५५ साली सापडलं होतं. इटालियन वंशाची आई, दिसायला ओ, आणि तिचा लपलेला बी मुलीत उमटलेला. ते छापलं फिलिप लेव्हीन यांनी, आरएचच्या शोधात ज्यांचं नाव येतं तेच. भेंड्यांच्या शोधानंतर तीन वर्षांनी. मॅडम म्हणाल्या, "खरं तर बाप याच्याशिवाय दुसरा असण्याचं काही कारणच उरत नाही यात." इतकं सरळ बोलल्या. दाजी खाली बघत होते. भाऊ रडायला लागला. तो कागद दाजींनी घडी करून खिशात ठेवला आणि नंतर मी बघितलं, घरी फ्रीजवर लावलाय, लेकराच्या कार्डाशेजारी. सासूबाईंना तो वाचता येत नाही. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट करून दाखवतात.

सवा महिन्याने मी ताईकडे गेलो. ती ओसरीवर मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिलो. म्हणजे २०२५मध्ये कोलारच्या एका बाईंच्या रक्तात सापडलेला नवा अँटिजेन, त्याला क्रिब नाव दिलंय, वगैरे. ती हूं हूं करत होती. मग मी म्हणालो, "ताई, त्या भाऊबीजेनंतर मी..."

"माहीताय मला," ती म्हणाली. "दोन महिने फोन नव्हता केलास तू."

मी काहीच बोललो नाही. ती मुलीचं टोपडं नीट करत होती.

"मला तर बाबा वाटलं दवाखान्यातच लेकरू बदललं का काय," ती म्हणाली. "तीन वर्षं रोज त्याचं नाक बघायची मी, दाजीवानी हाय का म्हणून. कुणाला सांगू?" मग आत बघून हाक मारली, "माडगं झालं असंल तर ह्याला वाटीभर आणा वो आत्या."

सासूबाईंनी वाटी आणली. वर तुपाची धार होती.